कापूर, काडेपेटी आणि नवा ट्रॅक्टर

आमचे नंदई, म्हणजे नणदेचे यजमान. त्यांच्याइतका यंत्रांना जीव लावणारा माणूस उभ्या नागपुरात शोधून सापडायचा नाही. त्यांचं स्थळ आलं तेव्हा मुलगा विमानतळावर आहे एवढंच कळलं, आणि सासूबाईंनी गल्लीभर जावई पायलट करून टाकला. ते विमानाचं सामान ओढणारा ट्रॅक्टर चालवायचे. ऐट मात्र पायलटला लाजवेल अशी. मनीषनगरला आमच्याकडे आले, की चहाआधी कूलरला कान लावणार. "वहिनी, तुमचा पंप रडून राहिला." एकदा मिक्सरला दम लागला म्हणून माझी चटणी अर्ध्यावर थांबवली. नणदेला ताप आला तेव्हा मात्र कपाळाला हातसुद्धा लावला नाही, हे ती अजून ऐकवते.

निवृत्तीला तीन महिने उरले, आणि कंपनीने त्यांचा डिझेलचा ट्रॅक्टर काढून हायड्रोजनवर चालणारा आणला. त्यात फ्युएल सेल असतो म्हणे. हायड्रोजन आणि हवेतून आतल्या आत वीज तयार होते, धूर नाही, मागून नुसतं पाणी. आता नवी गाडी म्हटल्यावर यांनी काय करावं? हार घातला, नारळ ठेवला, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि कापरासाठी काडेपेटी काढली. साहेब ओरडत धावला. तिथे ज्योत चालत नाही, हे बरोबरच आहे हो, मी कुठे नाही म्हणते? पण आदल्या दिवशी सगळं शिक्षण इंग्रजीतून उरकलं, तेव्हा कुणाला काय कळलं हे विचारायला साहेबाला सवड नव्हती. सगळ्यांसमोर पिकल्या केसांच्या माणसाला 'अडाणी' म्हणायला बरी सवड मिळाली. त्याच दिवशी ट्रॅक्टर काढून घेतला आणि गेटवर पास तपासायला खुर्चीवर बसवलं. माफीनामा दिला तरच पुन्हा चाक हातात.

"एवढं भडकणारं हाये, तर माह्या बुडाखाली काहून देता?" नंदई आमच्या हॉलमध्ये गरजले. पूजेची माफी मागणार नाही म्हणाले. आठ दिवस अन्नावरून मन उडालं. मग एका संध्याकाळी कोरा कागद घेऊन आले. "लिहा, वहिनी. मले खुर्चीवरून रिटायर नाही व्हायचं."

मी लिहायला बसले, तर साहेबाचीच खरडपट्टी निघाली. त्या ओळी त्यांनी मला खोडायला लावल्या. जन्मात नणदेचीही माफी न मागितलेला माणूस निमूट सही करून गेला. मला अजून राग येतो.

ट्रॅक्टर परत मिळाला. शेवटच्या दिवशी निरोपाचा हार हातात घेऊनच ते आमच्याकडे आले. मी विचारलं, "कसा आहे हो तो?"

"चांगला हाये. त्याच्यावर राग नका धरू," ते म्हणाले. मग हातातला हार खाली ठेवत, "पण वहिनी, जुना बंद केला का घटकाभर थरथरत राहायचा. याच्यावरून मी उतरलो, तं त्याले पत्ताच नाही."