डफावरचा मोनोग्राम

तिसरं चित्रही सोपानरावांनी बाजूला सारलं.

"पेंटर, वीणा झाली, मोर झाला, आता हंस. मी काय सरस्वतीच्या देवळात गातो व्हय?"

"मग काय काढू?"

"लांबून बघितलं की कळलं पायजे, हा सोपान हाय."

"तुम्ही कोण, ते नीट सांगा. तसं काढतो."

 

सत्तरच्या दशकातली गोष्ट. भोसरीला माझं बोर्ड रंगवायचं दुकान होतं. नवी वर्कशॉपं निघत होती आणि प्रत्येकाला मोनोग्राम हवा असे. मोनोग्राम म्हणजे कंपनीची खूण, आज जिला लोगो म्हणतात ती. गाणाऱ्या माणसाचा मोनोग्राम मात्र मी कधी केला नव्हता. सोपानराव चिखलीचे, एका कारखान्यात लेथवर टर्नर. बरीच वर्षं दुसऱ्या शाहिराच्या मागे उभं राहून त्यांनी झील धरली होती, म्हणजे ध्रुपद मागून उचलून गायलं होतं. आता स्वतःची पार्टी काढत होते. पहिला कार्यक्रम जवळच्याच एका जत्रेत होता. तिथे आसपासच्या गावांचे पंच येणार होते. गाणं आवडलं तर हंगामाच्या सुपाऱ्या, म्हणजे कार्यक्रमांची बोलावणी, तिथेच ठरणार होती.

शेवटी मी दातेरी चाक काढलं आणि आत 'सो' हे अक्षर.

"आता माझ्यावाणी दिसतंय," ते म्हणाले. "पण लावायचं कुठं? आपल्याला काय गेट हाय?"

"डफावर लावू."

चाक गोल, डफ गोल. दोघांनाही ते इतकं पटलं की पुढचा विचार कुणी केलाच नाही.

मला पत्र्याची सवय. पत्र्याला आधी प्रायमर, वाळला की ऑइल पेंटचे दोन कोट. डफाच्या कातड्यालाही मी तेच केलं. काम देखणं झालं.

शाहीर डफ वाजवण्याआधी विस्तवावर शेकतात. कातडं ताणतं, आवाज चढतो. जत्रेला मीही गेलो होतो. सोपानरावांनी डफ शेकला, थाप मारली. पोत्यावर मारल्यासारखी वाजली. पुन्हा शेकला. रंगाचा वास सुटला, आवाज तेवढाच.

"पेंटर, सादळला का काय?"

"एवढ्या उन्हात कसा सादळेल?"

मला खरोखर काही कळत नव्हतं. गाणं तसंच सुरू झालं. गळा खणखणीत, डफ मुका. मागून कुणीतरी म्हणालं, "राव, उशी आणली का वाजवायला?" लोक हसले. पंच चहाला म्हणून उठले ते परत बसले नाहीत.

काही दिवसांनी सोपानराव डफ घेऊन दुकानात आले.

"मशीनवर हात जड झाला माझा," ते म्हणाले. "ह्यो राहू द्या तुमच्याकडं."

"असेल," मी म्हणालो.  ते जुन्या पार्टीत परत गेले, मागच्या रांगेत.

पुढे कधीतरी रिकामा बसलो असताना मी त्या डफावरचा रंग पात्याने खरवडला. सगळा निघाल्यावर सहज टिचकी मारली. डफ घुमला. मी तो खाली ठेवला, उचलला, पुन्हा वाजवला. मग कळलं. रंगाच्या वजनाने कातड्याचा आवाज बसला होता.

चिखली लांब नव्हती. मी सांगायला गेलो नाही.

सोपानराव आता नाहीत. त्यांच्याकडची माणसं अजून म्हणतात, गळा चांगला होता, हात कच्चा. हात कच्चा नव्हता. वाजणाऱ्या वस्तूवर नाव घालायचंच असेल, तर लाकडी कड्यावर घालावं.