जाळायला दिलेली पुस्तकं

आमच्या बनाबाई मावशीचा विश्वास कशावर म्हणून बसत नाही. दूधवाल्याच्या तोंडासमोर दुधात बोट बुडवून बघते, बाजारात वांगं मोडून बघते, औंधच्या यमाईचा अंगारासुद्धा हुंगल्याशिवाय कपाळाला लावत नाही. मी तिची सख्खी भाची, रहिमतपुरातच शेजारच्या आळीत राहते, पण माझ्या हातचा चहाही ती संशयानंच ढवळते. आयुष्यात तिनं डोळे झाकून विश्वास ठेवला तो एकाच माणसावर, आणि त्याला तिनं कधी पाहिलेलंही नव्हतं. तो म्हणजे सांगलीकडचा लेखक अनंतराव. त्याच्या फौजी कादंबऱ्या तिनं कपाटात देवासारख्या मांडल्यात. काका पलटणीत असताना तिनं एकटीनं वर्षं काढली ती ह्याच पुस्तकांवर.

तिचा मुलगा जयराज, तोही फौजेत. त्यानं मिझोरमची नर्स बायको करून आणली, रिनी. त्यांची सई आता पहिलीत आहे. रिनीला मराठी वाचायला मावशीनंच शिकवलं, अनंतरावाची पुस्तकं समोर ठेवून. म्हणून ती पोरगी अजून पुस्तकातलं बोलते. भाजीवालीला "कृपया" म्हणते! आम्ही हसतो, तीही हसते.

आणि आता ह्या अनंतरावानं नवी कादंबरी काढली. तिच्यात रिनीकडच्या डोंगराळ मुलखातल्या बायकांवर असलं काही खरडलंय की वाचून हात धुवावेत. वर मुलाखतीत म्हणतो, खरं बोललं की लोकांना झोंबतं. ते तुकडे मोबाइलवर फिरले आणि वर्गातली पोरं सईला त्यातल्याच शब्दांनी चिडवायला लागली. सई शाळेत जाईना. रिनीनं बॅग भरली.

"आई, मी सईला घेऊन माहेरी ऐझॉलला जाते. परत येईन की नाही, हे आज सांगता येणार नाही," एवढंच म्हणाली.

मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. त्या नातीवर जीव आहे तिचा. तिनं पुस्तकावरचा नंबर फिरवून प्रकाशकाची बिनपाण्यानं केली. तर दोन दिवसांत तो स्वतःच दारात! सांगलीतल्या विश्रामबागचा अवधूत. जिभेवर खडीसाखर आणि हातात पुस्तकांचा खोका.

"मावशी, तुमचा राग शंभर टक्के बरोबर आहे. मला स्वतःला लाज वाटते. रविवारी ह्या प्रती चौकात जाळा. पुस्तकं माझी, चॅनेलवालेही मीच पाठवतो."

मला मेलीला माणूस बरा वाटला. मावशी मात्र खोक्याभोवती एक चक्कर मारून आली.

"आवं, छापायचं बी तुमी आन जाळायला देणार बी तुमीच? लाज वाटती, तर छापताना कुटं गेलती? मी जाळलं की लोक म्हणणार, काय हाय एवढं बघू तरी. इकत घेणार. दुसरी आवृत्ती कवा काडताय?"

अवधूतचा चेहरा उतरला. "तसं नाही मावशी. लेखकाला स्वातंत्र्य असतं. आणि मागचंपुढचं वाचल्याशिवाय मत बनवू नये."

"व्हय? मग वाचा की ते पान. मोठ्यानं."

तेवढ्यात रिनी पाणी घेऊन आली आणि समोरच बसली. अवधूतनं पान काढलं, घसा खाकरला, एक ओळ वाचली. मग त्याची नजर तिच्याकडे गेली आणि तो थांबला.

"का वो? छापताना न्हाई थांबला," मावशी म्हणाली.

रिनीनं त्याच्या हातातून पुस्तक घेतलं आणि पुढचं स्वतः वाचलं. 'ह्या बारीक डोळ्यांच्या बायकांना ना घर, ना लाज. जवान दिसला की गळ टाकतात.' कुठं अडखळली नाही.

अवधूत खोका उचलून निघाला. पुढची आवृत्ती काढणार नाही म्हणून आईची शपथ घेतली. "बगू," मावशी म्हणाली. काढलीच मेल्यानं पुढं, वर ठळक 'वादग्रस्त' छापून. जाळणारेही मिळाले त्याला दुसरीकडे.

पण त्या दुपारी मला वाटलं, आपण जिंकलो. मी चहाला आधण ठेवायला उठले, तर रिनीनं विचारलं, "आई, मी ह्या घरात आले, तेव्हा तुम्हालाही असेच वाटले होते का?"

तेव्हा मावशीनं दागिन्यांच्या डब्याला कुलूप घातलेलं मी पाहिलं होतं. आता नाही म्हण गं बाई, असं झालं मला.

"व्हय," मावशी म्हणाली. "लय दिस वाटत हुतं."

मग ती उठली, कपाटातून एक जुनं पुस्तक काढलं. ह्याच पुस्तकावर तिनं रिनीला शिकवलं होतं. पानं उलटता उलटता तिचा हात एका ठिकाणी अडला.

"ह्याच्यात बी असलंच हाय की गं. इतकी वर्सं वाचतीया मी. मला कसं दिसलं न्हाई? आन तुला वाचाय लावलं मी हे, पोरी."

"मला तेव्हाच दिसले होते, आई," रिनी म्हणाली.

मावशी ते पुस्तक मांडीवर घेऊन रडली. काका गेले तेव्हाही ती अशी रडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सईला शाळेत सोडायला मावशी स्वतः गेली आणि शाळा सुटेपर्यंत वर्गाच्या दाराशी बसून राहिली. आता रोज जाते. रिनीनं बॅगेतून सईचा गणवेश तेवढा बाहेर काढलाय. बाकीची बॅग अजून भरलेलीच आहे.