राहत्या घराला गिऱ्हाईक

दुरुस्ती चालू असताना त्याच घरात राहिलं, की डेब्रिज आणि किस्से दोन्ही साठत जातात. डेब्रिज टेंपोवाला घेऊन गेला. किस्से कोणी नेईना, म्हणून तुम्हाला ऐकवते.

प्लॅन माझ्या नवऱ्याचा, नितीनचा. पळसदरीत जुनं घर घ्यायचं, त्यातच राहून दुरुस्त करायचं, मुंबईच्या वीकेंडवाल्यांना नफ्यात विकायचं आणि कर्जतला स्टेशनजवळ फ्लॅट घ्यायचा. सासूबाईंचा जन्म भाड्याच्या खोल्या बदलण्यात गेलेला. हे त्यांचं पहिलं स्वतःचं घर. "आई, हे विकायचंय, लक्षात ठेव हां," नितीननं सामान उतरवतानाच बजावलं. त्या "बरं" म्हणाल्या आणि सगळ्यात आधी देव मांडले.

*

नवं बसवायचं म्हणून नितीननं बाथरूमचं जुनं दार काढलं. नवं चौकटीत जाईना, आणि सुतार रोज "उद्या नक्की." शेवटी पडदा लावला आणि नियम केला, आत असेल त्यानं मोठ्यानं गायचं. आम्हा तिघांना शेवटपर्यंत पाठ काय, तर आरती.

एका सकाळी शेजारच्या कमळकाकू दारात, हातात वाटी. "रोज आरती ऐकू येते, मग परसाद नाय का गं करत तुमी?"

सासूबाईंनी मुकाट्यानं शिरा टाकला.

*

भाताची लावणी सुरू झाली आणि आमचा गवंडी बाळाराम गायब. ओटा अर्धवट, मी जमिनीवर बसून पोळ्या लाटतेय. नितीन तावातावानं त्याच्या शेतावर गेला, म्हणाला, "आज धरूनच आणतो."

संध्याकाळी परतला तो एकटाच, गुडघ्यापर्यंत चिखलात. पाठोपाठ बाळारामचा फोन. "वहिनी, उद्या पण पाठवा सायबांना. हात बसलाय त्यांचा."

*

त्याच पावसात सासूबाईंनी अंगणात नारळ लावला.

"याला फळ कधी धरणार?" नितीननं विचारलं.

"धरेल की पाच-सहा वर्षांनी."

"आई, आपण दिवाळीच्या आत विकणार आहोत."

"मग त्यांना मिळतील," म्हणाल्या, आणि आळं करत बसल्या. मला तेव्हा फार वाईट वाटलं, पण प्लॅनला मीही हो म्हटलं होतं. आता कोणत्या तोंडानं बोलणार?

*

गिऱ्हाइकं शनिवार-रविवारी यायची. नितीन दाखवायचा खिडकीतून दिसणारा डोंगर, सासूबाई दाखवायच्या खिडकी. "पावसात हिच्यातून पाणी येतं हां. पाट आडवा लावायचा." पुढच्यांना माकडांचं सांगितलं. त्यापुढच्यांना विहिरीचं, मे महिन्यात तळ दिसतो म्हणून. सगळे चहा पिऊन जायचे ते जायचेच.

नितीन वैतागला. "त्यांनी विचारलं होतं का तुला?"

"सुचलं नसेल रे त्यांना," सासूबाई म्हणाल्या.

शेवटी त्यानं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. पुढचं गिऱ्हाईक येईल तेव्हा तोंडातून शब्द काढायचा नाही.

*

पुढचं गिऱ्हाईक म्हणजे ठाण्याचं डॉक्टर जोडपं. त्यांना सगळंच आवडलं. डोंगर, ओटा, एवढंच काय, बाथरूमचं एकदाचं बसलेलं दारसुद्धा. सासूबाई कोपऱ्यात बिरडं सोलत बसलेल्या, दिल्या शब्दाप्रमाणे गप्प.

"मग टोकन आजच देऊन टाकू?" डॉक्टर म्हणाले.

सासूबाईंनी मान वर केली नाही, पण वालाचा दाणा बोटांत तसाच राहिला. नितीननं आईकडे पाहिलं. मग बाहेर नारळाकडे.

"एक सांगायचं राहिलं," तो म्हणाला. "स्वयंपाकघराचं छप्पर गळतं. फार गळतं."

ते छप्पर त्यानं स्वतः उभं राहून नवं करून घेतलेलं. अख्ख्या पावसात थेंब आत आला नव्हता.

डॉक्टरांची गाडी वळणाआड गेली आणि माझा जीव भांड्यात पडला. नितीन आत आला, आईशेजारी मांडी घालून बसला आणि ताटलीतले वाल सोलायला लागला.

"डाळिंब्या मोडू नकोस," सासूबाई म्हणाल्या.