मीच म्हटलं होतं, लवकर ये

आधीच स्पष्ट सांगते. मी फिजिक्सची बाई. तीस वर्षं शाळेत शिकवलं, आणि वर्गात कुणी भुताची गोष्ट काढली की "पुरावा दाखव, मग बोल" म्हणून खाली बसवलं. अंगात येणं, लिंबू-मिरच्या, असलं काही ऐकलं की आजही माझं डोकं फिरतं. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... तरी लिहितेय. हसायचं असेल तर खुशाल हसा. त्या खोलीत मी होते, तुम्ही नव्हता.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. विक्रोळी पूर्वेला, हायवेच्या अलीकडे आमची चाळ होती. तळमजल्यावर एकच खोली, खिडकीला गज, मागच्या कोपऱ्यात मोरी. मोरीला दार नव्हतं, फक्त आडोशाला कमरेएवढी भिंत. बाबा कारखान्यात लेथवर, फर्स्ट शिफ्टला. सात वाजता हजेरी, घरी यायला चार. मी अठराची, घाटकोपरला सकाळचं कॉलेज. आणि बेबी, माझी बहीण, चार वर्षांची. आईला फार उशिरा झालेली.

आई म्हणजे अख्ख्या चाळीची आई होती. घरात चार बांगडे तळले तर दोन शेजारी जायचे. मी चिडायचे, बाबा हसायचे. आणि तिचं खास काम म्हणजे बाळांना न्हाऊ घालणं. आजूबाजूला कुणीही बाळंत झालं की ही हजर. पाटावर बसायची, पाय लांब करायची, नडगीवर बाळ पालथं घालून तेल जिरवायची, मग गरम पाणी. शेजारच्या कांबळेकाकूंची दोन्ही पोरं तिच्याच पायांवर वाढली. रोज अकराच्या सुमारास ती निघायची. दारातून म्हणायची "येते गं", आणि सुट्टीच्या दिवशी घरात जो असेल तो म्हणायचा "लवकर ये". निघताना "जाते" म्हणायचं नाही आणि जाणाऱ्याला "जा" म्हणायचं नाही. आमच्यात ते अभद्रच.

आई काविळीनं गेली. बारा दिवसांत आटपलं सगळं. सवाष्ण गेली म्हणून हातांत हिरवा चुडा भरला, मळवट भरला. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते, डोकं सुन्न. तिला उचललं, उंबऱ्याबाहेर नेलं, आणि सवयीनं माझ्या तोंडातून निघून गेलं... "लवकर ये गं."

रडणाऱ्या बायका एकदम गप्प झाल्या. माझ्या आत्यानं, म्हणजे बाबांच्या मोठ्या बहिणीनं, माझ्या तोंडावर हात दाबला. मयताच्या घरून निघताना माणसं साधं "येतो"सुद्धा म्हणत नाहीत, मुकाट निघून जातात. आणि मी गेलेल्या माणसाला ये म्हणाले होते. तेव्हा मला काही वाटलं नाही. वाटलं, बायका उगाच करतात.

तेरावं झालं, आत्या भटवाडीला तिच्या घरी गेली, माझं कॉलेज सुरू झालं. बेबी सकाळी कांबळेकाकूंकडे असायची. साडेदहाला काकू तिला आमच्या खोलीत झोपवायच्या आणि बाहेरून कडी घालायच्या. साडेबाराला मी येऊन काढायचे.

पहिल्यांदा झालं तेव्हा मी कडी काढली तर आत शिकेकाई आणि ओव्याच्या धुरीचा वास. बेबी खाटेवर बसलेली. केस ओले, घट्ट विंचरून दोन वेण्या, इतक्या आवळलेल्या की डोळे ताणले गेलेले. गालावर काजळाची तीट. काजळाची डबी माझाही हात जेमतेम पोचेल अशा फळीवर असायची. म्हटलं, काकूंनी घातली असेल आंघोळ. विचारायला गेले तर काकू म्हणाल्या, "मी कोरडी झोपवली गं तिला. तुझी शपथ." बेबीला विचारलं. ती म्हणाली, आईनं.

मी तिच्यावर ओरडले. खरं सांगायचं तर मी घाबरले होते म्हणून ओरडले. पाणी आमच्याकडे पहाटे यायचं, पिंप मी स्वतः काठोकाठ भरून गेलेली. ते चार बोटं खाली होतं.

त्या आठवड्यात तीनदा झालं. आणि नुसती आंघोळ असती तर गोष्ट वेगळी होती. बेबी जेवेना. आईनं भरवलं म्हणायची आणि ताट सरकवायची. अंग गार पडायचं, ओठ निळसर. फ्रॉक खांद्यावरून घसरायला लागला. डॉक्टरांनी छाती तपासली, काही नाही म्हणाले, टॉनिक दिलं. माझी पोर माझ्या डोळ्यांदेखत वाळत होती. हो, माझीच म्हणते, आईनंतर ती माझीच होती.

बाबांना सांगितलं. वाटलं, चिडतील, निदान वेड्यात काढतील. पण ते म्हणाले, "असू दे. तिचंच पोर आहे. घालू दे न्हाऊ." मला त्या क्षणी बाबांचीच भीती वाटली.

रविवारी आत्या आली. बेबीला बघून मटकन खाली बसली. मी सगळं सांगितलं. ती कणकवलीची, विषय गंभीर झाला की सरळ मालवणीत शिरायची. मला मोरीपाशी नेऊन म्हणाली, "ये म्हणान तूच सांगितलंस, ती इली. आता जा म्हणूकपण तुकाच व्हया." मी म्हटलं, आत्या, मी आईला जा म्हणू? काहीतरीच बोलू नकोस.

सोमवारी सकाळी मी चपला घालत होते. बेबी दारात आली, शहाण्यासारखी उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, येते हं."

ती कधीच असं म्हणत नसे. मी विचारलं, कुठे चाललीस? तर म्हणते, आईबरोबर. "आई म्हणाली, आज ताईला येते म्हणून सांग, मग निघू."

मी कॉलेजला गेले नाही. आतून कडी घातली आणि बेबीला मांडीवर घेऊन खाटेवर बसले. बाहेर लख्ख ऊन, कांबळेकाकूंचा कुकर शिट्ट्या देतोय, पोरं गोट्या खेळतायत. अकरा वाजता मोरीत पाट सरकवल्याचा आवाज आला. मग बादलीत तांब्या बुडाला. आणि बांगड्या वाजल्या... काचेच्या, हातभर भरलेल्या.

आडोशाच्या भिंतीपलीकडून दोन पाय सरळ पुढे आले. नुसते पाय, नडगीपर्यंत. ओले, हळदीनं पिवळे. उजव्या टाचेची भेग मी ओळखली, कित्येकदा तिथं मीच कोकम तेल चोळलं होतं.

बेबी माझ्या मांडीवरून उतरायला लागली. मी तिला आवळून धरलं तर चार वर्षांची पोर मला आवरेना. ती आईकडे जायला हात पसरून रडत होती. मला ओरडायचं होतं, पण तोंडून "आई, ये..." एवढंच निघालं. त्या पायांची बोटं हलली. मी ओठ चावला. रक्ताची चव अजून आठवते. मग म्हणाले, "आई, तू जा. बेबी माझ्याजवळ राहील. तू जा."

पाय तसेच होते. किती वेळ, माहीत नाही. मी रडत रडत नुसतं जा, जा म्हणत होते, कुत्र्याला हाकलावं तसं, माझ्या आईला. मग ते पाय हळूहळू मागे गेले. बांगड्या एकदा वाजल्या. मी उठून पाहिलं तेव्हा मोरीत कुणी नव्हतं. पाट ओला होता आणि कडी आतून तशीच होती.

बेबी दुपारी वरणभात जेवली, दोनदा मागून घेतला. पुढे तिला काही झालं नाही. आज तिचा स्वतःचा संसार आहे. यातलं तिला काहीच आठवत नाही.

पिंपातलं पाणी कोणी उपसलं, तीट कोणी लावली, मी काय पाहिलं... मला सांगता येत नाही. आई तिला खरंच न्यायला आली होती की नुसती न्हाऊ घालायला, हेही नाही.

त्या दिवशी बाबा चारला घरी आले. खूप दिवसांनी दाढी केलेली, चेहरा उजळलेला. मी बोलायच्या आधीच म्हणाले, साहेबांना सांगून शिफ्ट बदलून घेतली, उद्यापासून सेकंड शिफ्ट. "म्हणजे अकराला मी घरी असेन."

मग मी त्यांना सांगितलं. ते बेबीकडे बघत राहिले, तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "बरं केलंस," म्हणाले. त्यानंतर रिटायर होईपर्यंत त्यांनी सेकंड शिफ्टच केली. त्यावरून मला एका शब्दानंही कधी बोलले नाहीत. फक्त रोज सकाळी पेपर घेऊन मोरीकडे तोंड करून बसायचे, बारा वाजेपर्यंत.