खडकावरचा रिकामा तास

शाळेत त्यांना सगळे वेळापत्रकबाई म्हणत. बाई गणित शिकवत, पण ते कुणाच्या फारसं ध्यानात नव्हतं. बावीस वर्षं शाळेचं वेळापत्रक त्याच लावत आल्या होत्या. अडतीस शिक्षक, तीस वर्ग, दिवसाचे आठ तास. त्यांचा एक शिरस्ता होता. आधी बाकी सगळ्यांचे तास बसवायचे आणि शेवटी ज्या फटी उरतील त्यांत स्वतःचे कोंबायचे. त्यामुळे शनिवारचा शेवटचा तास आणि जेवणाच्या सुट्टीनंतरची पेंगणारी आठवी बाईंना वर्षानुवर्षं लाभली. याला त्या त्याग म्हणत. शिक्षकखोलीत याला दुसरा शब्द होता, तो इथे लिहीत नाही.

दुसरा शिरस्ता याहून कडक. एकही तास रिकामा जाता कामा नये. कुणी गैरहजर असलं की बाई पर्समधून चिठ्ठ्यांचं पॅड काढत आणि बदलीची चिठ्ठी लिहीत: अमुक गैरहजर, त्यांचा तास तमुक घेतील, खाली तमुकची सही. ते पॅड दिसलं की धडधाकट माणसांना खोकल्याची उबळ यायची. चित्रकलेचे सर तर थेट स्वच्छतागृहात जाऊन कडी लावत. बाई बाहेर उभ्या राहत. दाढदुखी असो, घसा बसलेला असो, चुलतसासरे अत्यवस्थ असोत, बाईंचं उत्तर ठरलेलं असे: "चाळीस मिनिटांचाच तर तास आहे."

अशा बाई दगडांवर कशा चढायला लागल्या, तर दाताच्या डॉक्टरामुळे. तीन वर्षांपूर्वी दाढ भरताना त्याने आपल्या रविवारच्या छंदाचं वर्णन सुरू केलं आणि मध्येच विचारलं, "येता का तुम्ही?" तोंड उघडं असल्यामुळे बाईंना नाही म्हणता आलं नाही.

पाण्याच्या टाकीमागच्या माळावर मोठाले खडक होते. दोर न लावता त्यांच्यावर चढायचं, खाली जाड गादी अंथरायची, पडलो तर गादीवर पडायचं. तरुण मंडळी याला बोल्डरिंग म्हणतात. इथे तरुण कुणी नव्हतं. डॉक्टर होता, एक अबोल कुलूपवाला होता आणि बाई. खडकांना यांनी नावं दिली होती. छातीइतकं उंच ते कासव, त्याहून उंच जिना, आणि सगळ्यांत अवघड ती भिंत. हात घसरू नयेत म्हणून बोटांना खडूची पूड लावायची असते, हे ऐकल्यावर बाई म्हणाल्या, "बावीस वर्षं लावतेय."

बाई काही फार छान चढत नसत. पण खडकाच्या माथ्यावर पोचल्यावर अर्धं मिनिट त्यांना कुणाचाच तास बसवायचा नसे. तिथे त्यांना आनंद व्हायचा, लहान मुलीला होतो तसला, आणि उतरताना त्या चेहरा पुन्हा शाळेसारखा करून घेत.

तीन वर्षांत खडकांवर साधं खरचटलंही नाही. घोटा मोडला तो शिक्षकखोलीत. नवं वेळापत्रक फलकावर टाचायला बाई खुर्चीवर उभ्या राहिल्या, चौथी टाचणी लावताना खुर्चीचा पाय सरकला आणि दीड हात उंचीवरून बाई खाली आल्या. सहा आठवडे पाय प्लास्टरमध्ये गेला.

पुढे झालं ते चोर सोडून संन्याशाला फाशी. खुर्चीला कुणी चकार शब्द बोललं नाही. शाळेत त्याच खुर्चीवर आता मुख्याध्यापक बसतात. सगळ्यांनी धरलं ते खडकांना. "या वयात दगडांवर चढायचं म्हणजे हे होणारच," शेजारीण म्हणाली. "अहो, मी खुर्चीवरून पडले." "तेच म्हणते मी," शेजारीण म्हणाली.

आणि नवरा. नवऱ्याचा स्वभाव फार प्रेमळ. बायकोने काही धरलं तर तो मध्ये पडत नसे, पण काही सोडायची चाहूल लागली की धावून येई. त्याच्या या मदतीसाठी घरातल्या कपाटाचा सगळ्यांत वरचा खण राखलेला होता. पोहायला शिकताना बाईंच्या नाकात पाणी गेलं, तेव्हा पोहण्याचा चष्मा त्या खणात गेला. अकरा वर्षांपूर्वी गाडी फाटकाला घासली, तेव्हा गाडी चालवण्याचा परवाना गेला. "राहू दे, मी सोडत जाईन तुला," तो म्हणाला होता. तेव्हापासून तो बाईंना सोडत होता, बहुतेक वेळा उशिरा. प्लास्टर नीट वाळलंही नव्हतं तेव्हा बाईंनी त्याला स्टुलावर चढून त्या खणात फडकं मारताना पाहिलं. "काय करताय?" "काही नाही, जागा करतोय. चढायचे बूट राहतील तुझे."

हे बूट एकदा वर गेले की खाली येणार नाहीत, हे त्यांना त्या क्षणी लख्ख कळलं.

घोट्याचे व्यायाम नणंद करून घेई. ती व्यायामोपचार करणारी, बाईंपेक्षा नऊ वर्षांनी लहान, आणि घरच्या माणसांकडून पैसे घेत नसल्यामुळे सगळी वसुली जिभेने करणारी. चौदाव्या आठवड्यात तिने घोटा सगळीकडून वळवून पाहिला आणि म्हणाली, "वहिनी, हाड जुळलं. आता जा. सोपा खडक, बुटका खडक, उडी मारायची नाही, सावकाश उतरायचं. पण जा."

"जाणारच आहे," बाई म्हणाल्या. "फक्त नीट आखायला हवं."

मग अकरा दिवस आखणी चालली. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. बाईंनी ताकाचा भांड्यासकट अभ्यास सुरू केला. डॉक्टरला माळावर पाठवून प्रत्येक खडकाची उंची फितीने मोजून घेतली. गाडी लावायच्या जागेपासून कासवापर्यंत किती पावलं, त्यांत खाचखळगे किती, हे कुलूपवाल्याला विचारलं. "थोडे," तो म्हणाला. त्याला परत पाठवलं. गाद्या कुठे, पाणी कुठे, विश्रांती केव्हा, ढग आले तर काय, ढग येऊन गेले तर काय. पान सातवर उतरण्याचे नियम. एकूण नऊ पानं झाली. सौम्य सहल म्हणता म्हणता ती एखाद्या स्वारीइतकी जड झाली आणि या आखणीपायी तारीख दोनदा पुढे गेली. दोन्ही वेळा नवरा म्हणाला, "घाई नको करू."

तिसऱ्या रविवारी निघावंच लागलं, कारण नणंद सकाळी सात वाजता गाडी घेऊन दारात उभी राहिली. ती चढणार नव्हती. "मी फक्त घोट्यासोबत आलेय," ती म्हणाली.

माळावर सगळं पानाप्रमाणे झालं. आठ ते दहा चाळीस, वीस-वीस मिनिटांचे आठ तास. पहिला डॉक्टरचा, दुसरा कुलूपवाल्याचा, पुन्हा डॉक्टरचा. बाई घड्याळ धरून गादीच्या कडेला उभ्या होत्या. "डावा हात वर. तो नाही, त्याच्या वरचा. वेळ संपत आली." उंटावरून शेळ्या हाकणं ऐकलं होतं, इथे उंटही नव्हता. तरी बाई रंगात आल्या होत्या. घोटा मोडल्यापासून इतकं बरं त्यांना वाटलं नव्हतं.

दहा वाजता नणंद दगडावर बसून ती नऊ पानं चाळत होती. पहिलं पान तिने दोनदा वाचलं.

"वहिनी, यात तुझं नाव कुठाय?"

"असेल की."

"दाखव."

बाईंनी पान हातात घेतलं, वरून खाली बोट फिरवलं. डॉक्टर, कुलूपवाला, डॉक्टर, कुलूपवाला. आठ तास भरलेले, नीटनेटके, कुठेही आडवं-तिडवं नाही. बाईंचं नाव नव्हतं. शिरस्त्याप्रमाणे स्वतःचं शेवटी टाकायचं म्हणून ठेवलं आणि फटच उरली नाही.

"राहिलंच बघ," बाई म्हणाल्या. चेहरा गोरामोरा झाला होता.

"बावीस वर्षांत कुणाचं नाव राहिलंय तुझ्याकडून?"

"माझंच मी शेवटी टाकते. सवय आहे."

"सवय नाही, वहिनी. तू घाबरलीयेस. अकरा दिवस, नऊ पानं, आणि ज्याच्यासाठी सहल काढली तो पाय गादीच्या बाहेर!"

बाई तावातावाने काही बोलणार होत्या. पान सहावर सुरक्षेचा परिच्छेद होता, तोही त्या वाचून दाखवणार होत्या. पण डॉक्टर भला माणूस, तो मध्ये पडला. "राहू द्या हो. पुढच्या वेळी चढतील त्या."

राहू दे. पुढच्या वेळी. हा सूर बाईंच्या ओळखीचा होता. या सुरात पोहणं गेलं होतं आणि गाडी गेली होती. आणि डॉक्टरच्या तोंडून ते ऐकल्यावर आपल्याला हायसं वाटलं, हे लक्षात येऊन बाईंना स्वतःचीच किळस आली.

दहा वीस झाले. आठवा तास, कासव, कुलूपवाला. कुलूपवाला खाली बसला आणि बूट काढू लागला.

"बूट का काढताय?"

"मी गैरहजर."

"म्हणजे?"

"बोट दुखतंय." त्याने बोट काही दाखवलं नाही.

"वीस मिनिटांचाच तर तास आहे," बाईंच्या तोंडून निघून गेलं.

"जाऊ दे रिकामा," कुलूपवाला म्हणाला, आणि टोपी तोंडावर ओढून आडवा झाला. तीन वर्षांत एका दमात तो इतकं कधीच बोलला नव्हता.

बाईंनी घड्याळ पाहिलं. दहा एकवीस. तास रिकामा चालला होता. दहा बावीस. कासव समोर बसलं होतं, गादी अंथरलेली होती, आणि भर दिवसा, चार माणसांच्या देखत, एक तास वाया जात होता. बाईंचा पाय जमिनीवर आपटायला लागला. तो मोडलेलाच पाय होता, पण हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

दहा तेवीसला त्यांनी पर्समधून पॅड काढलं. होय, रविवारीही ते बरोबर होतं. 'आठवा तास. कुलूपवाले गैरहजर. त्यांचा तास' इतकं लिहून पेन थांबलं. डॉक्टरने न विचारताच सोललेली बोटं पुढे केली. बाईंची नजर नणंदेकडे वळली.

"माझ्याकडे बघू नकोस. मी हजेरीपटावरच नाही."

उरलं कोण? बाईंनी नाव लिहिलं. खाली सही केली. ती इतकी वाकडी आली की बँकेने परत केली असती.

मग बाई कासवावर चढल्या. चढल्या म्हणणं जरा धाडसाचंच आहे. त्या खडकावर पकडायला तीनच जागा, सात वर्षांचं पोर दहा सेकंदांत वर जातं. बाईंना पाच मिनिटं लागली. पाचावर धारण बसली होती. पहिल्या पकडीला त्या "थांबा" म्हणाल्या, तेव्हा कुणीच हललेलं नव्हतं. दुसऱ्या पकडीला त्यांनी शाळेला, खुर्चीला आणि नणंदेला एकेक शिवी दिली, तिन्ही नव्या कोऱ्या. नणंद खाली दोन्ही हात घोट्याच्या मागे धरून उभी होती आणि आता तिच्या तोंडून एकही टोमणा निघत नव्हता. मग बाईंनी मोडलेला पाय उचलला, वरच्या कडेला टेकवला, आणि त्याच्यावर भार दिला.

पायाने भार घेतला.

बाई माथ्यावर बसल्या आणि हमसून हमसून रडल्या. छातीइतक्या उंचीवर बसून इतकं रडणारं माणूस त्या माळाने पाहिलं नव्हतं. डॉक्टर उगाच पाण्याच्या बाटलीचं झाकण तपासू लागला. कुलूपवाल्याने टोपी किंचित वर केली आणि परत ओढली.

"पान सात काढ," बाई वरून म्हणाल्या.

नणंदेने काढलं, वाचलं. "चांगला पाय आधी खाली. नजर पावलावर. उडी मारायची नाही." तिचा आवाज थोडा ओला झाला होता. बाई पानाप्रमाणे उतरल्या. घोटा दुखला, रोज सकाळी दुखायचा तेवढाच. घड्याळात दहा चौतीस झाले होते. तास संपायला सहा मिनिटं बाकी होती, म्हणून बाई पुन्हा चढल्या.

घरी पोचल्या तेव्हा नवरा दारातच होता. त्याने मायेने हात पुढे केला. "झालं ना मनासारखं? दे ते बूट, वर ठेवतो."

"खुर्ची आणा," बाई म्हणाल्या.

त्याने आणली. त्याला वाटलं, आपल्यासाठीच. तो चढायच्या आत बाई चढल्या. "अगं, पडशील!" म्हणत त्याने दोन्ही हातांनी खुर्चीची पाठ धरली. बाईंनी वरच्या खणात हात घातला. बुटांसाठी पुसून ठेवलेल्या स्वच्छ जागेपलीकडे पोहण्याचा चष्मा लागला, त्याच्या खाली परवाना. त्यावर अकरा वर्षांपूर्वीच्या बाई हसत होत्या. मुदत संपून दोन वर्षं झाली होती. घरात कुणाला त्याचा पत्ताही नव्हता, बाईंनाही नाही.

त्यांनी तारीख दोनदा वाचली.

"बघ, आता काय उपयोग त्याचा," नवरा खालून म्हणाला. "बरं, बूट कुठे ठेवू मग?"

बाई चांगला पाय आधी टाकून खाली उतरल्या. परवाना त्यांनी पर्समध्ये, चिठ्ठ्यांच्या पॅडशेजारी टाकला.

"दाराशी ठेवा," त्या म्हणाल्या. "येता-जाता पायात येऊ देत. माझ्याही आणि तुमच्याही."