गुरुवारी मोकळ्या असणाऱ्या बायका

आमच्या आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाई कस्तुरा यांना, नाही म्हणायची हौस आहे असा आकुर्डीच्या आमच्या गल्लीत पक्का समज आहे. लग्न होऊन आले तेव्हा माझाही तोच समज झाला. वाटीभर साखर मागायला आलेल्या बाईला त्या साखर देतील, पण आधी चार प्रश्न विचारतील. मी मैत्री, त्यांची एकुलती एक सून आणि त्यांच्या बचत गटाची चिटणीस. दोन्ही नात्यांनी मी त्यांच्यावर भरपूर चिडले आहे, तेव्हा इथं उगाच गोडवे गायले जातील अशी भीती कोणी बाळगू नये.

गट बारा जणींचा. निम्म्या बुद्धविहाराच्या आसपासच्या, निम्म्या मराठवाड्यातून नवऱ्यांबरोबर आलेल्या. सासरे फाउंड्रीत होते. ते गेल्यावर आत्यांनी हा गट उभा केला. आमची बचत होतीच, शिवाय एक फायनान्स कंपनी कर्ज द्यायची. तिची अट अशी की सगळ्यांनी सगळ्यांना जामीन राहायचं. एकीचा हप्ता चुकला की तो बाकीच्या अकरा जणींनी भरायचा. ज्या घरात गॅसचं सिलिंडर महिना पुरवताना नाकीनऊ येतात, तिथं दुसरीचा हप्ता भरायचा म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

फायनान्सचा अधिकारी अजिंक्य आमच्यावर खूश होता. बैठक दर गुरुवारी दुपारी व्हायची आणि एकही बाई कधी गैरहजर राहिली नव्हती. एवढी शिस्त मी कुठं पाहिली नाही, यंदा तुम्हाला मोठं कर्ज देतो, असं त्यानं एकदा सगळ्यांसमोर जाहीर केलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आत्या मात्र पदराशी चाळा करत होत्या.

घरी भांडी विसळता विसळता त्यांनी विचारलं, "मैत्री, गुरुवारी सगळ्याच मोकळ्या कशा गं असत्यात?"

सुट्टी असते ना, मी म्हटलं. आमच्या पट्ट्यात रविवारचं कौतुक नाही, कारखान्यांची सुट्टी गुरुवारी. बोलले खरी, पण हातातलं ताट तसंच राहिलं. गटातल्या सुमनताईंची मेस होती, ती चाकणच्या एका मोटारींच्या कंपनीत कंत्राटावर जाणाऱ्या पोरांसाठी. कंपनीची बस थांबायची त्या कोपऱ्यावर एकीचा चहा, दुसरीचं ऑम्लेट-पाव. कोणी त्या पोरांचे युनिफॉर्म धुवायची, कोणी त्यांना खोली द्यायची, कोणी सुमनताईंच्या मेसला भाजी पुरवायची. धंदे वेगवेगळे आहेत, एक बसला तर दुसरा चालेल, अशी आमची समजूत होती. पण सगळ्यांचं पोट एकाच कंपनीच्या बसवर होतं, म्हणून तर ती न येणाऱ्या गुरुवारी सगळ्या मोकळ्या. ती बस एका महिन्यासाठी जरी थांबली, तर बाराही जणी एकदम हप्ता चुकवणार आणि एकमेकींना जामीनही त्याच बारा जणी. हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

पुढच्याच बैठकीत सुमनताईंनी मोठ्या कर्जाची मागणी केली. त्यांना थेट चाकणला, त्याच कंपनीजवळ, दुसरी मेस टाकायची होती. सगळ्या लगेच तयार झाल्या, कारण सुमनताईंचा हप्ता कधी एक दिवसही मागं-पुढं झाला नव्हता. आत्या म्हणाल्या, मी जामिनाची सही करणार नाही.

सासरे गेले तेव्हा याच सुमनताईंनी महिनाभर आमच्या घरी डबा पोचवला होता. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी तो डबा बोलूनही दाखवला, चारचौघींत. मला तर जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

आत्या मागं हटल्या नाहीत. "सुमन, त्या जेवणाचं ऋण माझ्यावर हाय. ह्या बायकांवर न्हाई. गुरुवारी चालंल असा धंदा काढ, मी पहिली सही करते."

सुमनताई उठून गेल्या. त्या रात्री मी आत्यांशी धड बोलले नाही. एवढा कसला ताठा, असं मनात शंभरदा म्हणून घेतलं.

महिन्याभरानं सुमनताई परत आल्या, तोंड फुगवूनच. त्यांची मुलगी निशिगंधा, पिंपळे सौदागर भागात एका दवाखान्यात कामाला आहे. तिथल्या सोसायट्यांतल्या बायका आयटीतून उशिरा घरी येतात आणि गरम भाकरी, पिठलं, ठेचा घरपोच मिळाला तर त्यांना हवाच असतो. निशिगंधानं मोबाईलवरून ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली होती. तिथं सुट्टी शनिवार-रविवारची, गुरुवारशी कोणाला देणंघेणं नाही. सुमनताईंनी कागद आत्यांपुढं सरकवला आणि भिंतीकडं बघत म्हणाल्या, "कर सही." आत्यांनी केली. दोघींचं कामापुरतं बोलणं सुरू झालं, त्यापलीकडं नाही.

मग आत्या बाकीच्यांच्या मागं लागल्या. खोलीवालीनं दोन खोल्या रावेतच्या बांधकामावरच्या इंजिनिअर पोरांना दिल्या. युनिफॉर्म धुणारी सोसायट्यांचे पडदे धुवायला घेऊ लागली. बायका कुरकुरल्या, आत्यांना नावं ठेवली, पण बदलल्या. हळूहळू गुरुवारी सगळ्यांना एकत्र आणणं अवघड होऊन बसलं आणि अजिंक्यच्या कपाळाला आठ्या पडल्या. शिस्त बिघडली म्हणे. आत्यांनी त्याला चहा पाजला आणि सगळं समजावलं. पोरगा समजूतदार, ऐकून घेतलं.

पुढं एका दिवाळीनंतर कंपनीनं गाडीचं एक मॉडेल बंद केलं आणि कंत्राटी पोरांना ब्रेक दिला, म्हणजे घरी बसवलं. आमच्या कोपऱ्यावर बस यायची थांबली. आमच्यासारखे आणखी दोन गट होते, ते त्या थंडीत मोडले. बायका एकमेकींच्या दारात जाऊन भांडल्या, एकीनं तर मंगळसूत्र विकलं. आमच्यातही चहावाली आणि ऑम्लेटवाली अडकल्या, पण दोघीच. त्यांचे हप्ते बाकीच्यांनी ओढले आणि उन्हाळ्यापर्यंत त्यांनी ते फेडलेही. मला आमच्या गटाचा इतका अभिमान वाटला की मी माहेरी फोन करकरून सांगितलं.

अजिंक्य म्हणाला, काकू, हा गट तुमच्यामुळं तरला. आत्यांना ते आवडलं नाही. रात्री मला म्हणाल्या, "समदं माझ्या एकटीवर असंल तर तीबी एकच बस झाली की. माझ्यामागं न्हाई म्हणणारं कोण हाय ह्यांच्यात?"

ब्रेक मिळालेल्या पोरांत माझा नवरा नागसेनही होता. चार महिने तो घरी बसून होता आणि घरी बसलेला नवरा काय असतो ते जिचं तिला ठाऊक. शेवटी त्यानं जुना टेम्पो बघितला. भोसरीतून सुटे भाग उचलायचे आणि चाकणला पोचवायचे. कंपनीचं नवं मॉडेल येणार होतं, काम नक्की मिळणार होतं. आत्यांनी कधी नव्हे ते स्वतःच्या घरासाठी गटाकडं कर्ज मागितलं. मांडलंही छान. मी मनातल्या मनात टेम्पोला हार घालून मोकळी झाले होते.

बायकांनी माना डोलावल्या. आत्यांना कोण अडवणार? तेवढ्यात सुमनताईंनी विचारलं, माल कोणाचा वाहणार? आत्यांनी त्याच कंपनीचं नाव सांगितलं.

सुमनताई या वेळी भिंतीकडं बघत नव्हत्या. "कस्तुरा, नागसेन माझ्या मांडीवर खेळलाय. पण मी सही करत नाही. दुसऱ्या कुणाचा बी माल मिळव म्हणावं त्याला, मंडईचा, सोसायट्यांचा. मग ये."

आणि मग खोलीवाली म्हणाली, माझीही नाही. चहावालीनंही मान हलवली. आत्यांचा चेहरा असा पडला की मला बघवेना. ज्यांच्यासाठी या बाईनं वाईटपणा घेतला, त्यांनीच तिला रिकाम्या हातानं पाठवलं, या विचारानं माझं डोकं फिरलं.

घरी परतताना मी सुमनताईंचा उद्धार करत होते. जुना राग काढला, संधी साधली, काय काय बोलले. गल्लीच्या तोंडाशी आत्या थांबल्या आणि पदरानं डोळे पुसले. मी त्यांचा हात धरला.

"गप गं," त्या म्हणाल्या. "पोरासाठी जीव तुटतोय माझा. पण आता मी मेले तरी गट न्हाई मरायचा."