कुंकू लागलेली फ्लॉपी

चारुशीला रामटेके हिनं एकोणीस वर्षं उभ्यानं काम केलं. ट्रेसरचं टेबल उंच असतं. त्यावर मूळ नकाशा, नकाशावर तलम ट्रेसिंग कापड, आणि कापडावर शाईच्या पेनानं श्वास रोखून ओढलेली रेघ. नागपुरात सीताबर्डीवर आनंदरावांच्या सर्वेक्षण कचेरीत ती १९७० साली लागली, तेव्हा अशी सहा टेबलं होती. १९८९ च्या दसऱ्यापर्यंत दोन उरली होती, आणि पंख्याखालच्या चांगल्या जागी दोन कॉम्प्युटर येऊन बसले होते.

आनंदरावांनी आडपडदा ठेवला नव्हता.

"रामटेकेबाई, दिवाळीनंतर टेबलं निघणार. शनिवारी कालव्याच्या कामाचे साहेब येऊन राहिले. दोन्ही डब्ब्यांवर रेघ दिसली, तर त्यावरचं काम तुमचं. नाही तर मले पुण्याहून माणूस आणावा लागीन."

पडद्यांवर अक्षरं दिसत; रेघ उमटत नसे. चित्राची खिडकी उघडायला ड्रायव्हर नावाचा लहानसा प्रोग्राम आधी मशीनमध्ये बसवावा लागे. एका मशीनवर डॉस ही प्रणाली होती, दुसऱ्यावर युनिक्स; दोन्हींचे ड्रायव्हर एकाच फ्लॉपीवर होते. मशीन विकणाऱ्यांचा इंजिनिअर ती फ्लॉपी आणि पाठकोऱ्या कागदावर लिहिलेली कृती देऊन मुंबईला परतला होता.

सोमवार-मंगळवार चारुशीला रजेवर होती. दीक्षाभूमीला आलेले पवनीचे पाहुणे घरी होते. बुधवारी तिनं फ्लॉपी आत घातली, तर मशीन नुसतंच किरकिरलं. बाहेर काढून पाहते तो काय, मधल्या लांबट फटीत, जिथं आतली तपकिरी चकती उघडी असते, तिथं बोटभर ओलं कुंकू लावलेलं, आता वाळलेलं. वर अक्षतेचा एक दाणा.

"ओमप्रकाशभाऊ, हे काय केलं जी?"

"खंडेनवमीची पूजा," शिपाई ओमप्रकाश म्हणाला. "कंपास, पेन, फुटपट्टी, सगळ्याची केली. हिलेच सोडलं असतं तर तुम्हीच म्हटलं असतं, काहून सोडली."

"पण पाकिटातून काढून?"

"देवाले कोणी पाकिटावरून कुंकू लावते का, बाई? अन् कपाळावानी जागा तिथंच दिसली."

चारुशीलाला हसू आलं नाही. ते पुढच्या वर्षी आलं. मुंबईला ट्रंक कॉल लावला, तर दुसरी फ्लॉपी पोचायला आठ दिवस लागतील असं कळलं. शनिवार तीन दिवसांवर होता.

दुपारी ती आपल्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. खणात अर्धं ब्लेड होतं. चुकीची रेघ कापडाला भोक न पाडता त्यानंच खरवडायची असे. त्या ब्लेडनं तिनं फ्लॉपीच्या काळ्या खोळीची एक कड उसवली आणि चकती बाहेर काढली. कोमट पाण्यात साबणाचा थेंब, कापसाचा बोळा, आणि हात हलका. बोट कुठं टेकवायचं नाही, हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. चकती सावलीत वाळवली. मग एक कोरी फ्लॉपी उसवून तिच्या खोळीत ही सरकवली.

"मेलेल्याचा सदरा जित्याले," ओमप्रकाश म्हणाला.

"तुम्ही चहा आणा."

या खेपेला मशीननं वाचलं. तिनं आधी कोऱ्या फ्लॉप्यांवर दोन प्रती काढल्या, मगच कागद उघडला. डॉसचं काम लहान होतं: फाइल उतरवायची, सुरुवातीच्या यादीत एक ओळ घालायची, मशीन बंद करून चालू करायचं. पहिल्यांदा तिनं चुकून रंगीत पडद्याचा आकडा निवडला आणि पडदाभर तिरक्या रेघा धावल्या. आकडा बदलला, खिडकी उघडली.

युनिक्सनं दीड दिवस खाल्ला. तिथं ड्रायव्हर मूळ प्रणालीतच जोडून ती सगळी नव्यानं बांधावी लागे, आणि त्यासाठीचा पासवर्ड आनंदरावांच्या खिशातल्या डायरीत होता. दोनदा बांधणी अर्ध्यावर थांबली. दोन्ही वेळा तिनं कृतीचा कागद पहिल्या ओळीपासून वाचला. दुसऱ्या वेळी एक गाळलेली ओळ सापडली.

शनिवारी साहेबांसमोर तिनं दोन्ही पडद्यांवर कालव्याची एकेक रेघ ओढली. रेघ पुरी झाली आणि चारुशीलानं सवयीनं हात वर उचलून धरला, शाई वाळेपर्यंत धरतात तसा.

"काहून थांबल्या?" आनंदरावांनी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली आणि हात खाली घेतला.

काम तिचं झालं. दिवाळीनंतर टेबलं इतवारीतल्या एका कापडवाल्यानं नेली. त्यावर ठाण उलगडायला बरं पडतं म्हणाला. तिनं एक शाईचं पेन आणि अर्धं ब्लेड मागून घेतलं.

पुढच्या खंडेनवमीला ती अर्ध्या दिवसाच्या रजेवर जाण्याआधी ओमप्रकाश ताट घेऊन तिच्यापुढे उभा राहिला. "बाई, यंदा कुंकू कुठं लावू?"

चारुशीलानं खणातून कड उसवलेली ती जुनी काळी खोळ काढली. आत काही नव्हतं. खोळ पेनाशेजारी ठेवत ती म्हणाली, "लावा, पाहिजे तितकं लावा."